दोन फुटांची पाणसळ आणि चौदा रॅम्प

मित्रांनो, माझ्या पोटात एक बुडबुडा आहे आणि तो सहसा स्वस्थ बसत नाही. मी गवंड्याच्या पिशवीतली जुनी पाणसळ. हल्ली सगळे मला लेव्हल म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देते. लांबी दोन फूट, अंग लाकडी, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि मधोमध एक काचनळी. नळीत पिवळसर द्रव आहे आणि त्यात हा बुडबुडा. ज्या जागेवर मला ठेवाल ती सपाट असेल तर तो दोन काळ्या रेघांच्या मध्ये येऊन थांबतो, नसेल तर उंच बाजूकडे पळतो. माणसांना काळजी लागली की कोणीतरी त्यांची समजूत घालते. मला तर काळजी करण्यासाठीच घडवले आहे.

ज्या कारागिराने मला बनवले त्याला कशाचीही घाई नव्हती. तो प्रत्येक पाणसळ दगडी पाटावर ठेवायचा, बुडबुडा पाहायचा, मग तिला उचलून उलट्या तोंडाने पुन्हा तिथेच ठेवायचा. दोन्ही वेळा बुडबुडा त्याच जागी आला तरच ती पास. मला त्याने तीनदा नापास केले. चौथ्यांदा माझ्या पितळेवर फडके फिरवले आणि मी दुकानात गेले.

तिथून मला एका तरुण गवंड्याने घेतले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. ते मला जुन्या पँटच्या कापलेल्या पायात गुंडाळून ठेवत आणि वाद झाला की म्हणत, "आपण कशाला भांडायचं, लेव्हलला विचारा." एका शिंप्याच्या दुकानात आम्ही फरशी बसवली. शिंप्याने तिच्यावर दोऱ्याचे रीळ आडवे ठेवून पाहिले. रीळ जागचे हलले नाही. "मिस्त्री, फरशी आहे की तळं?" शिंपी म्हणाला. त्या दिवशी मिस्त्रींनी मला दोनदा पुसले.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायचा मला आजही धीर होत नाही.

नऊ वर्षांपूर्वी शाळांच्या कायद्यात एक ओळ आली. प्रत्येक सार्वजनिक शाळेत रॅम्प असावा, म्हणजे ज्या मुलांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी पायऱ्यांशेजारी तिरपा चढ असावा. ओळ चांगली होती. पण रॅम्प असावा म्हणजे कसा असावा, ते तिच्यात नव्हते. महिनाअखेर चौदा शाळांत काम संपवायचे, असा हुकूम घेऊन ठेकेदार मिस्त्रींकडे आला. नकाशा त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढला होता.

पहिल्या शाळेचे जोते दोन फूट उंच होते. चार पायऱ्या. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत जागा आठ फूट.

"एवढ्यात बसव," ठेकेदार म्हणाला.

"चढ जरा जास्त होईल," मिस्त्री म्हणाले.

"अरे, रॅम्प म्हटल्यावर चढ असणारच. सपाट असता तर त्याला ओटा म्हटलं असतं."

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. काम त्यांनी जीव लावून केले, हेही सांगायला हवे. वरचे सिमेंट त्यांनी थापीने इतके घोटले की त्यात फाटकाचे गज दिसत होते. मग मला बाहेर काढले आणि रॅम्पवर ठेवले, रुंदीत. या कडेपासून त्या कडेपर्यंत. गवंडी रॅम्प असाच तपासतात, एका बाजूला पाणी साचू नये म्हणून. बुडबुडा मधोमध थांबला. "एकदम लेव्हल," मिस्त्री म्हणाले.

मी खोटे बोलले नव्हते. मला जेवढे विचारले तेवढेच मी सांगितले. मला लांबीत कोणी ठेवलेच नाही.

पुढे तपासणीला अधिकारी आले. त्यांच्या कागदावर प्रश्न होता, 'रॅम्प आहे का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. त्यांनी होयवर खूण केली. रॅम्पवर पाऊल ठेवायची गरज त्यांना वाटली नाही. चौदा शाळा, चौदा वेळा होय. खात्याचे कौतुकाचे पत्र ठेकेदाराने काचेच्या चौकटीत लावले.

मिस्त्रींची धाकटी बहीण आणि तिची मुलगी त्यांच्याच घरात राहतात. बहीण धोबीखान्यात इस्त्री करते. रॅम्प बांधले तेव्हा भाची दोन वर्षांची होती आणि तिचे पाय उभे का राहत नाहीत याच्या तपासण्या अजून चालू होत्या. पुढे तिला चाकांची खुर्ची मिळाली. घरात तिला सगळे वकिलीणबाई म्हणतात, कारण ती पुराव्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही. "मामा, तू म्हणतोस आज लवकर येशील. कालही म्हणाला होतास. मग आजचं कशावरून खरं?" असे तिचे बोलणे.

पहिल्या चार इयत्ता ती गल्लीतल्या बैठ्या शाळेत शिकली. पाचवीला मोठ्या शाळेत जायचे होते. तीच ती, आठ फुटांची. मिस्त्री खुशीत होते. "रॅम्प मामाचा आहे," त्यांनी भाचीला सांगितले. "तुला कोणाच्या हातापाया पडायला नको." पहिल्या दिवशी ते मुद्दाम सोबत गेले. मी पाठीवरच्या पिशवीत होते.

खुर्ची बहीण ढकलत होती. मिस्त्री दोन पावले मागे, दप्तर घेऊन. रॅम्प अर्धा चढून झाला आणि बहिणीचा पाय घोटलेल्या सिमेंटवरून सटकला. ती गुडघ्यांवर पडली, मुठी सुटल्या आणि खुर्ची मागे धावली. मिस्त्रींनी दप्तर टाकून हात पुढे केले. खुर्ची त्यांच्या हाताला घासून फाटकावर आदळली. भाचीचे उजवे मनगट मोडले.

ती रडली नाही. फाटकाला टेकून तिने रॅम्पकडे पाहिले आणि विचारले, "मामा, हा तू बांधलास?"

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मला पँटच्या पायासकट कपाटावर टाकले. मी तिथे तीन आठवडे पडून होते. काचेवर धूळ बसली. कामावर ते शेजाऱ्याचे लाल उजेडाची रेघ पाडणारे लेव्हलचे यंत्र नेत. मला त्याचे वाईट वाटले नाही. मला त्या फाटकाचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता.

दरम्यान मुख्याध्यापिकांनी बहिणीला बोलावून एक कागद दिला. जुन्या कायद्यात अशी तरतूद होती की शाळेत सोय असूनही मूल येऊ शकत नसेल, तर पालकांच्या संमतीने त्याचे नाव घरशिक्षणाच्या यादीत टाकावे. मग महिन्यातून दोनदा शिक्षक घरी येणार, तासभर बसणार. हा कागद तो संमतीचा होता.

"सोय कुठे आहे, बाई?" बहिणीने विचारले. "तुम्ही पाहिलंत ना काय झालं ते."

"पाहिलं. पण माझ्याकडच्या कागदावर होय आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "पुन्हा पडली तर जबाबदारी माझी. डिसेंबरअखेर वर हजेरीचा तक्ता जाईपर्यंत मी थांबते. तोपर्यंत तुम्ही तिला उचलून आणा. त्यानंतर मला सही लागेल."

म्हणजे पाच महिने. पाच महिन्यांत काही बदलले नाही तर भाचीची शाळा महिन्याला दोन तासांवर येणार होती.

प्लास्टर बांधलेल्या हातानेच ती शाळेत जाऊ लागली. मिस्त्री कामावर जाण्याआधी तिला उचलून चार पायऱ्या चढवत, मग खुर्ची चढवत. दुपारी काम अर्धे टाकून उतरवायला येत. तिला उचलून घेतलेले आवडत नसे. "पोत्यासारखं नको," ती म्हणे. मधल्या सुट्टीत बाथरूमला जायला मदत मागावी लागू नये म्हणून ती घरी येईपर्यंत पाणी पीत नसे. तिच्या आईला हे कळले ते न उघडलेल्या बाटलीमुळे. रोज भरून जाई, रोज भरलेलीच परत येई.

मग एका सकाळी धोबीखान्यात कपडे बांधायला आलेल्या वर्तमानपत्रात बहिणीला एक सूचना दिसली. तिने ते पान घरी आणले. शाळांच्या कायद्यात दुरुस्ती होणार होती. नवा मसुदा तयार होता. नागरिकांनी अर्ज करावा, समितीपुढे प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतील. भाचीने मसुदा मिळवून जेवताना मोठ्याने वाचला. त्यात आता 'योग्य उताराचा रॅम्प' असे लिहिले होते.

"आई, योग्य म्हणजे किती?"

"ते ज्याचं त्याला कळतं गं."

"मग मामाला का नाही कळलं?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, कपाटावरून मला खाली काढले आणि काच पुसली.

भाचीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून त्यांनी आकडा आणला. एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी. त्याहून कमी असेल तर खुर्ची एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना आवरता येत नाही. मिस्त्रींनी लाकडाचा दोन इंचांचा ठोकळा कापला. मी दोन फुटांची, म्हणजे चोवीस इंच. मला उतारावर लांबीत ठेवायचे आणि खालच्या टोकाखाली हा ठोकळा सरकवायचा. बुडबुडा मध्ये आला तर उतार बाराला एक. नाही आला तर टोक उचलत जायचे आणि किती इंच उचलावे लागले ते मोजायचे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही आठ फुटांच्या रॅम्पवर गेलो. आठ वर्षांनी मला तिथे पहिल्यांदाच लांबीत ठेवले. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. ठोकळ्याने तो हललासुद्धा नाही. माझे टोक सहा इंच उचलल्यावर तो मध्ये आला. बाराला एक हवा होता, तिथे चाराला एक होता.

उरलेले तेरा आम्ही पुढच्या सुट्ट्यांत मोजले. भाची खाली खुर्चीत बसून डाव्या हाताने वहीत आकडे लिही. सर्वांत बरा सहाला एक निघाला, सर्वांत वाईट तिनाला एक. बरोबर एकही नव्हता. सगळे मिस्त्रींनीच बांधलेले, आणि सगळ्यांना मीच होय म्हटलेले.

"दादा, तू तिथं जाऊन सांगणार की मी चुकीचं बांधलं?" बहिणीने विचारले. "ठेकेदार तुला दारात उभं करील का?"

"काम मिळेल गं कुठेतरी. हिला शाळा कुठे मिळेल ते सांग."

सुनावणीच्या इमारतीला समोरून सात पायऱ्या होत्या. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले.

"हे काय?"

"लेव्हल. गवंडीकामाची."

"हत्यार आत नेता येणार नाही."

"तसं कुठे लिहिलंय?" भाचीने विचारले. "मला वाचायचंय."

पहारेकऱ्याने तिच्याकडे, मग मिस्त्रींकडे पाहिले. "ही तुमची वकील का?"

"घरची आहे," मिस्त्री म्हणाले. "फुकट पडते, पण महाग जाते."

तो हसला आणि आम्हाला मागच्या दाराने पाठवले. ते दार सामानाचे होते. कपाटे, कागदांचे गठ्ठे, पाण्याच्या टाक्या तिथून आत जात. तिथे एक लांब रॅम्प होता. मिस्त्री खुर्ची ढकलू लागले आणि मध्येच थांबले. "ब्रेक लाव," ते म्हणाले. त्यांनी मला खाली ठेवले, लांबीत. ठोकळा सरकवला. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

मागे एक हमाल ढकलगाडी घेऊन खोळंबला होता. "अहो, जरा बाजूला व्हा. पंधरा पेट्या आहेत."

"हा कोणी बांधला हो?"

"पहिला उभा होता, छातीवर यायचा. चार दिवस आम्ही गाडी ओढली. पाचव्या दिवशी म्हटलं, साहेब, आता तुम्हीच ओढा. मग फोडून हा केला."

मिस्त्रींनी मला उचलले.

समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई मध्ये, त्यांच्या उजवीकडे एक निवृत्त सचिव. मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगून टाकले की चौदा रॅम्प त्यांनी बांधले आणि चौदाही चुकले. वही पुढे ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या मसुद्यात योग्य उतार लिहिलाय. गवंड्याला योग्य कळत नाही. इंच कळतात."

"हे पाहा," निवृत्त सचिव म्हणाले, "आकडे कायद्यात घालायचे नसतात. ते नंतर नियमांत येतात. कायदा तत्त्व सांगतो."

"साहेब, मागच्या वेळीही मी तत्त्वानेच बांधले."

कोणीतरी खोकले. मिस्त्री पुढे म्हणाले, "तुमच्या इमारतीत एक रॅम्प अगदी मापात आहे. मागचा, कपाटं न्यायचा. आत्ताच मोजला. तो बरोबर झाला, कारण हमालांनी गाडी सोडून दिली. शाळेतली पोरं काय सोडून देणार? त्यांनी शाळाच सोडली."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या कारकुनाने घंटी वाजवली. "वेळ संपली."

"मामाची संपली," भाची म्हणाली. "माझा अर्ज वेगळा आहे. क्रमांक एकतीस."

कारकुनाने यादी चाळली. तसा अर्ज होता. हे मिस्त्रींनाही ठाऊक नव्हते.

तिने वही उघडली, पण वाचले नाही. "रॅम्प चुकला तर रॅम्पला घरी बसवा," ती म्हणाली. "मला का बसवता? माझ्या आईकडे सहीसाठी एक कागद दिलाय. त्यात लिहिलंय की सोय आहे आणि मीच येऊ शकत नाही. हे खोटं आहे. कायद्यात एक ओळ घाला. शाळेतली सोय मापात नसेल, तर त्या कारणाने कोणत्याही मुलाचं नाव घरशिक्षणाच्या यादीत टाकू नये." मग थोडे थांबून म्हणाली, "माझी दोन मिनिटं उरलीत. पण झालं माझं."

अध्यक्षबाईंनी तिची वही मागून घेतली. वही परत आली नाही. फाइलला लावली, असे सांगितले.

त्यानंतर नुसती वाट पाहणे. ठेकेदाराचा निरोप तिसऱ्याच दिवशी आला: "मिस्त्रींना म्हणावं, तुम्ही आता मोठे झालात, आमची छोटी कामं तुम्हाला शोभायची नाहीत." मिस्त्री किरकोळ डागडुजी करू लागले. मी बहुतेक दिवस पिशवीत बसून असे. समितीचा अहवाल कधी येणार ते कोणालाच माहीत नव्हते. वर्षअखेर जवळ आली. संमतीचा कागद घरात डब्याखाली होता, आणि बहीण तो डबा पुसताना उचलत नसे, भोवतीने फडके फिरवी.

तक्ता जायच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मिस्त्रींना शाळेत बोलावले. ते कागदाशिवायच गेले. मुख्याध्यापिकांनी कागद मागितला नाही. त्यांनी तक्ता दाखवला. भाचीचे नाव त्यांनी नेहमीच्या हजेरीतच ठेवले होते आणि शेऱ्यात लिहिले होते, 'कायद्यातील दुरुस्ती विचाराधीन.'

"मला याचा जाब विचारतील," त्या म्हणाल्या. "विचारू देत. पण मिस्त्री, दुरुस्ती झाली नाही तर मात्र माझ्या हातात काही उरणार नाही."

आठवड्याने त्यांना खुलासा मागणारे पत्र आले. अडीच महिन्यांनी कायदा आला. त्यात बाराला एक हा आकडा होता. तपासणीच्या कागदावर होय-नाहीऐवजी 'उतार मोजला, तो किती?' असा रकाना होता. आणि भाचीची ओळ होती, जरा जड शब्दांत, पण पुरी. मात्र जुने रॅम्प बदलायला शाळांना तीन वर्षांची मुदत दिली होती.

आठ फुटांचा रॅम्प मिस्त्रींनीच फोडला. मुख्याध्यापिकांनी मुदतीची वाट पाहिली नाही. चोवीस फूट लांबी अंगणात सरळ बसेना, म्हणून मिस्त्रींनी मधल्या वळणावर सपाट जागा ठेवून तो भिंतीकडेने वळवला. सिमेंट घोटले नाही. खराट्याने ओरखडे ओढून खरखरीत ठेवले. मला दर दोन फुटांवर लांबीत ठेवले, मग रुंदीत. भाची सहावीच्या पहिल्या दिवशी एकटी वर गेली. वळणावर तिने दम घेतला. मिस्त्री खाली उभे होते, हात पुढे केलेले, आणि ती दारातून आत गेल्यावरही ते हात खाली यायला वेळ लागला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता तरी मी निश्चिंत असेन. तेरा रॅम्प अजून तसेच आहेत. त्यांपैकी एका शाळेतल्या मुलाच्या वडिलांनी परवा मिस्त्रींना गाठले. त्यांनी संमतीच्या कागदावर दोन वर्षांपूर्वीच सही केली आहे. मुलगा घरी आहे. सुरुवातीला शिक्षक महिन्यातून दोनदा येत, मग एकदा, आता सांगून येत नाहीत. नवा कायदा म्हणतो की यापुढे नाव टाकू नये. आधी टाकलेले नाव परत कसे आणायचे, ते त्यात नाही. वकिलीणबाईंनी सगळी कलमे दोनदा वाचली. तिला सापडले नाही. तिने नवा अर्ज लिहायला घेतला आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या वर्गात एखाद्याचे नाव हजेरीपटावर असेल आणि तो कधीच दिसत नसेल, तर तो का येत नाही असे नुसते विचारून थांबू नका. तो आत कुठून येणार होता, ते जाऊन पाहा. शक्य असेल तर मोजा. आणि जे मापात निघेल किंवा निघणार नाही, ते लिहून कोणाच्या तरी हाती द्या.

त्या मुलाच्या शाळेत आम्ही उद्या सकाळी जाणार आहोत. त्याचे वडील म्हणाले, तो विचारत होता की त्याचा बाक अजून आहे का. मिस्त्रींनी त्यांना सांगितले, आहे. मिस्त्रींनी तो पाहिलेला नाही.